नोव्हेंबरातले मुक्तेश्वर आणि एप्रिलमधली कोटागिरी

पत्र: "मी ५९ वर्षांची आहे, शिक्षिकेच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले. यजमान ६४ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबासाठी गोळ्या चालू आहेत. मला सौम्य दमा आहे. शहरातली सदनिका विकून डोंगरात राहायला जायचे हे आमचे ठरले आहे, पण कुठे जायचे यावर एकमत होत नाही. यजमान काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मित्रांबरोबर उत्तराखंडातल्या कुमाऊं भागात मुक्तेश्वरला गेले होते आणि तेव्हापासून कुमाऊंशिवाय दुसरे नाव घेत नाहीत. मला मात्र एप्रिलमध्ये पाहिलेली तामिळनाडूच्या नीलगिरीतली कोटागिरी मनापासून आवडली. हवामान कुठले चांगले, रोजचे जगणे कुठे सोपे आणि सदनिका विकावी का, हे कृपया सांगावे."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात आणि ती म्हणजे महिने. यजमानांनी मुक्तेश्वर पाहिले ते नोव्हेंबरात, तुम्ही कोटागिरी पाहिली ती एप्रिलमध्ये. पावसाने धुतलेली हवा, निरभ्र आकाश आणि उत्तरेच्या क्षितिजावर त्रिशूल, नंदादेवी, पंचचुली ही शिखरे दिवसभर उघडी, असा कुमाऊंचा सर्वांत देखणा काळ ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. नेमक्या त्याच दिवसांत कोटागिरीवर ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो, ढग घरात शिरतात आणि दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. याउलट एप्रिल-मे महिन्यांत कोटागिरी अतिशय सुखद असते, तर कुमाऊंच्या चीड, म्हणजे पाइन, वृक्षांच्या जंगलांत तेव्हा वणवे लागलेले असतात आणि धूर व धुळीच्या पडद्याआड ती हिमशिखरे आठवडेच्या आठवडे दिसतही नाहीत. म्हणजे तुम्ही दोघे आपापल्या प्रदेशाचा उत्तम महिना मनात धरून एकमेकांशी वाद घालत आहात आणि अशा तुलनेतून निर्णय निघणे शक्य नाही. राहायला जाणाऱ्याला वर्षाचे बाराही महिने काढायचे असतात, म्हणून प्रत्येक प्रदेश त्याच्या सर्वांत कठीण महिन्यावरून जोखावा असा माझा आग्रह आहे आणि पुढचे सारे उत्तर त्याच आग्रहातून लिहिले आहे.

आधी थंडीविषयी. दोन्ही ठिकाणांच्या उंचीत फार मोठा फरक नाही. कोटागिरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, कुन्नूर त्याच पातळीवर, तर ऊटी २,२४० मीटरच्या आसपास; कुमाऊंत अल्मोडा साधारण १,६५० मीटरवर, रानीखेत १,८५० मीटरच्या जवळपास आणि मुक्तेश्वर २,२०० मीटरहून थोडे वर आहे. दर हजार मीटरमागे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते हा हिशेब दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. खरा फरक अक्षांशाचा आहे. नीलगिरी साडेअकरा अंश उत्तरेला आणि मुक्तेश्वर साडेएकोणतीस अंश उत्तरेला असल्यामुळे ऊटीत वर्षातल्या सर्वांत थंड आणि सर्वांत उबदार महिन्यांच्या सरासरी तापमानात चार-पाच अंशांचेच अंतर पडते, तर मुक्तेश्वरला ते बारा-तेरा अंशांचे असते. नीलगिरीत ऋतू येतात ते पावसाच्या रूपाने; कुमाऊंत मात्र वसंत, उन्हाळा, पावसाळा, शरद आणि हिवाळा असे खरेखुरे ऋतुचक्र अनुभवाला येते. बुरांशाची लाल फुले, जर्दाळू आणि आलुबुखाऱ्याचा बहर, शरदातले ऊन आणि मग बर्फ, हे सारे ज्याला हवे आहे त्याने कुमाऊं निवडला तर त्याची आवड मला पूर्ण समजते.

परंतु त्या ऋतुचक्राची किंमत जानेवारीत मोजावी लागते. पश्चिमेकडून येणारे हवामानाचे विक्षोभ त्या काळात पाऊस आणि बर्फ घेऊन येतात. मुक्तेश्वरला बर्फ पडणे ही नवलाई नाही. दिवसाचे कमाल तापमान दहा-अकरा अंशांपर्यंतच चढते आणि रात्री ते शून्याच्या आसपास येते. त्यातही ज्या गोष्टीचा विचार सहसा कुणी करत नाही ती म्हणजे सूर्यप्रकाश. डिसेंबरच्या अखेरीस मुक्तेश्वरचा दिवस सव्वादहा तासांचा असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३७ अंशांवर येतो. त्याच दिवशी कोटागिरीत जवळजवळ साडेअकरा तास उजेड असतो आणि दुपारचा सूर्य ५५ अंशांवर असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की कुमाऊंत उत्तरेकडे उतरणाऱ्या तीव्र उतारावर घर घेतले तर हिवाळ्यात काही आठवडे अंगणात ऊनच येणार नाही. तिथे घर पाहायला गेलात तर दृश्य पाहण्याआधी होकायंत्र पाहा. हिमशिखरे उत्तरेला आहेत, ऊन दक्षिणेकडून येते आणि जाहिरातीत दाखवलेल्या बहुतेक घरांच्या मोठ्या काचा उत्तरेकडे असतात. नोव्हेंबरच्या सहलीत त्या काचा फार सुंदर वाटतात, परंतु जानेवारीत त्यांच्यातूनच घराची ऊब निघून जाते.

नीलगिरीत बर्फ पडत नाही, पण थंडीच नसते असे समजू नये. डिसेंबर ते फेब्रुवारीत ऊटीच्या आसपासच्या खोलगट भागांत पहाटे गवतावर दहिवर गोठते आणि त्याच दिवशी दुपारी पारा वीस अंशांपर्यंत जातो. थंड हवा जड असल्यामुळे ती रात्री दरीच्या तळाशी साचते, म्हणून तिथे घर शोधताना तळापेक्षा उताराचा मधला भाग चांगला. कोटागिरीत हा त्रास ऊटीपेक्षा बराच कमी आहे. तापमान वाढीची झळ मात्र तिथेही पोहोचली आहे. एप्रिल २०२४ च्या अखेरीस ऊटीत २९ अंशांची नोंद झाली, जी त्या गावासाठी विक्रमी होती. पंख्याची गरज नसलेले गाव म्हणून कुणी नीलगिरीची ग्वाही देत असेल तर ती पूर्वीच्या अनुभवावर आधारलेली आहे हे लक्षात ठेवा.

आता पावसाकडे वळतो, कारण माझ्या मते तुमच्या निर्णयात थंडीपेक्षा पावसाचे वजन जास्त असायला हवे. कुमाऊंत पावसाळा जूनच्या उत्तरार्धात सुरू होऊन सप्टेंबरात संपतो आणि जुलै-ऑगस्ट हे त्याचे सर्वांत जोरदार महिने. बाहेरच्या डोंगररांगेवर असलेल्या नैनीतालला जेवढा पाऊस पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास आतल्या अल्मोड्याला पडतो, कारण मधल्या रांगा ढगांना अडवतात. त्यामुळे "कुमाऊंचा पाऊस" असे सरसकट बोलण्यात अर्थ नाही. नीलगिरीचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. पश्चिम बाजूला जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस झोडपतो, तर दोड्डबेट्टाच्या २,६३७ मीटर उंच शिखराच्या आडोशाला असलेल्या पूर्वेकडच्या कुन्नूर-कोटागिरीला त्याचा मार कमी बसतो आणि त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. तुमच्यासाठी याचा निष्कर्ष सरळ आहे: कोटागिरीचा कठीण काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि मुक्तेश्वरचा एक कठीण काळ जुलै-ऑगस्ट, तर दुसरा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी.

अतिवृष्टी आणि दरडी यांचा धोका दोन्हीकडे आहे आणि तो वाढतो आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये कुन्नूर, केत्ती आणि ऊटी या पट्ट्यात झालेल्या पावसाने शेकडो ठिकाणी दरडी कोसळून चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुक्तेश्वरच्या वेधशाळेत चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. ही वेधशाळा १८९७ पासून नोंदी ठेवते आणि त्या साऱ्या नोंदींमध्ये इतका पाऊस एका दिवसात कधी पडलेला नव्हता. लक्षात घ्या, की तो पाऊस पावसाळा संपल्यावर आला, म्हणजे यजमानांना आवडलेल्या त्या निरभ्र दिवसांच्या अगदी उंबरठ्यावर. म्हणून घर कुठेही घ्या, पण नाल्याच्या काठचे, नुकत्याच कापलेल्या उताराच्या पायथ्याचे किंवा भराव टाकून सपाट केलेल्या जागेवरचे घेऊ नका. घरामागच्या संरक्षक भिंतीला पाणी बाहेर पडण्यासाठी भोके ठेवली आहेत का आणि भिंतीला पोट आले आहे का हे स्वतः पाहा. भिंत फुगली असेल तर तिच्यामागे पाणी साठते आहे. कुमाऊंत याखेरीज भूकंपाचा विचार करावाच लागतो, कारण संपूर्ण हिमालय भूकंपप्रवण आहे. नीलगिरी त्या मानाने कितीतरी स्थिर भूमी आहे. डोंगरावर सिमेंटच्या चार मजल्यांत सदनिका घेण्यापेक्षा एकमजली, हलक्या छपराचे घर मला केव्हाही बरे वाटते.

तुमच्या दम्याविषयी मला काळजीपूर्वक लिहायला हवे. डोंगराची हवा दम्याला चांगली, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे आणि त्याला इतिहासही आहे. कुमाऊंतल्या भवालीला १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले गेले ते अशाच विचारातून. परंतु क्षय आणि दमा हे वेगळे आजार आहेत आणि दम्याच्या बाबतीत प्रश्न असा असतो, की तुमचा त्रास कशाने बळावतो. घरातल्या धुळीतल्या किटकांमुळे बळावत असेल, तर कुमाऊंची कोरडी हवा उपकारक ठरू शकते, कारण त्या किटकांना ओलावा लागतो. बुरशीमुळे बळावत असेल, तर कोटागिरीचा नोव्हेंबर तुम्हाला फार जड जाईल. तिथल्या जुन्या घरांत कपाटांच्या मागे आणि गाद्यांच्या खाली बुरशी धरते आणि तिचा वास घरात शिरताक्षणी जाणवतो. थंड कोरड्या हवेने किंवा धुराने बळावत असेल, तर मुक्तेश्वरचा जानेवारी आणि मे दोन्ही अवघड आहेत. तुमच्या छातीच्या डॉक्टरांकडून चाचणी करून हे आधी ठरवून घ्या, कारण या एका उत्तरावर सारी निवड फिरू शकते. फवाऱ्याचे औषध, म्हणजे इनहेलर, वापरत असाल तर कडाक्याच्या थंडीत त्याचा डबा उबदार जागी ठेवावा लागतो, नाहीतर फवारणी नीट होत नाही, हेही विचारून घ्या.

धुराचा मुद्दा मी सहज लिहिलेला नाही. कुमाऊंत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वनविभागाच्या लेखी वणव्यांचा हंगाम आहे. चीडच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात जमिनीवर जाड थराने पसरतात आणि एका ठिणगीने पेटतात. एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालजवळची आग विझवण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली आणि जूनमध्ये अल्मोडा जिल्ह्यातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचा त्या आगीत मृत्यू झाला. दरवर्षी इतके वाईट होत नाही, चांगला हिवाळी पाऊस झालेल्या वर्षी हंगाम सौम्यही जातो, पण दमा असलेल्या व्यक्तीने घराभोवती चीड आहे की बांज, म्हणजे तिथला ओक, हे पाहूनच जागा ठरवावी. बांजाचे जंगल ओलावा धरून ठेवते, तिथे झरे टिकतात आणि आगही सहजासहजी पसरत नाही.

थंडीत ऊब कशी मिळवणार, हाही दम्याशी जोडलेला प्रश्न आहे. कुमाऊंत बुखारी, म्हणजे लाकूड जाळण्याची बंद शेगडी, वापरतात. तिचा धुराडा नीट असेल तर ती चालते. कोळशाची उघडी अंगीठी मात्र बंद खोलीत रात्रभर कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो आणि त्याने झोपेत माणसे दगावल्याच्या बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. विजेचा हीटर सुरक्षित असला तरी बर्फ पडल्यावर वीजच नाहीशी होते, हे जमेस धरून सोय करावी लागते.

यजमानांच्या रक्तदाबाबद्दल एवढेच लिहितो, की २,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश आणि १,८०० मीटरवर सुमारे चार पंचमांश असतो. बहुतेकांना या उंचीचा काही दिवसांत सराव होतो. परंतु थंडीने रक्तदाब वाढतो, त्यामुळे गोळ्यांचे प्रमाण पहिल्या हिवाळ्यात पुन्हा तपासून घ्यावे लागेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रात्री छातीत दुखले तर किती वेळात पोहोचता येईल? कोटागिरीहून मेट्टुपालयम घाटाने तेहतीस-चौतीस किलोमीटरवर आहे आणि तिथून पुढे सपाट रस्त्याने कोइम्बतूर, जिथे हृदयरोगाची मोठी रुग्णालये आहेत. ऊटीतही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे. मुक्तेश्वरहून हल्द्वानी साधारण सत्तर किलोमीटरवर आहे, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि काही खासगी रुग्णालये आहेत. त्यापलीकडे गुंतागुंतीच्या उपचारांसाठी दिल्ली गाठावी लागते. कोटागिरी ते कोइम्बतूर आणि मुक्तेश्वर ते हल्द्वानी ही अंतरे कागदावर जवळजवळ सारखी दिसतात. प्रत्यक्षात हल्द्वानीचा रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद होतो, हिवाळ्यात त्याचा वरचा भाग बर्फाने अडतो आणि सुट्ट्यांच्या दिवसांत कैंची धामला येणाऱ्या वाहनांमुळे भवालीच्या परिसरात तासन्‌तास कोंडी होते. नीलगिरीचे घाटही दरडींनी बंद पडतात, पण तिथे उतरायला एकाहून अधिक वाटा आहेत: एक कुन्नूरमार्गे, एक कोटागिरीमार्गे, शिवाय पलीकडे गुडलूरमार्गे. दोघांपैकी एकाला हृदयाशी निगडित त्रास संभवतो अशा घरासाठी हा फरक मला निर्णायक वाटतो.

रोजच्या जगण्यात मात्र कुमाऊंचे पारडे एका बाबतीत स्पष्टपणे जड आहे. तिथे हिंदी चालते, लिपी आपलीच आहे, त्यामुळे बसवरची पाटी, विजेचे बिल, जमिनीच्या नोंदीची खतौनी, औषधाच्या दुकानातली सूचना, सारे तुम्ही पहिल्या दिवसापासून वाचू शकता. कोटागिरीत बाजाराची आणि कचेरीची भाषा तमिळ आहे, गावांमध्ये बडगा बोलली जाते आणि जमिनीचे पट्टे, म्हणजे मालकीचे कागद, तमिळमध्ये असतात. कुन्नूरला वेलिंग्टनच्या लष्करी छावणीमुळे आणि स्टाफ कॉलेजमुळे इंग्रजी व थोडीफार हिंदी निभावते. कोटागिरीत नळ दुरुस्त करणाऱ्याशी बोलण्याइतकी तमिळ शिकावीच लागेल. तुम्ही शिक्षिका आहात, त्यामुळे ही अडचण तुम्हाला आव्हान म्हणून आवडेलही. पण यजमानांना ती आवडेल का, हे त्यांना स्पष्ट विचारा, कारण निवृत्तीनंतर ज्याला शेजाऱ्याशी चार शब्द बोलता येत नाहीत तो माणूस वर्षभरात खचतो.

एकटेपणाचा दुसरा प्रकार कुमाऊंत आहे. तिथल्या डोंगरांतून तरुण माणसे रोजगारासाठी खाली उतरली आहेत. २००१ ते २०११ या जनगणनांच्या दरम्यान अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्याच घटली. मुक्तेश्वरच्या आसपास बाहेरच्यांनी बांधलेल्या टुमदार घरांपैकी अनेक घरे वर्षातून काही आठवडेच उघडतात, म्हणून "आमच्या आजूबाजूला पुष्कळ लोक राहतात" असे कुणी सांगितले तर त्यांपैकी फेब्रुवारीत तिथे कोण असते हे विचारा. गंमत म्हणजे त्याच दशकात नीलगिरी जिल्ह्याचीही लोकसंख्या कमी झाली, तरी तिथली वस्ती एकमेकींना लागून आहे, चहाच्या मळ्यांमधून बडगा समाजाच्या हट्टी, म्हणजे खेडी, जवळजवळ दिसतात आणि बसगाड्या वारंवार धावतात. नातेवाइकांच्या येण्याजाण्याचा विचार केला तर मुंबईहून कोइम्बतूरला थेट विमाने आहेत. कुमाऊंसाठी दिल्लीहून काठगोदामची रेल्वे हाच भरवशाचा मार्ग. नीलगिरीत मे २०२४ पासून न्यायालयाच्या आदेशानुसार बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो, तो ऑनलाइन काढता येतो आणि जिल्ह्यात नोंदवलेल्या वाहनांना त्यातून सूट आहे; तुमची गाडी कायमची तिकडे नेणार असाल तर नोंदणी बदलून घेणे सोयीचे आणि बारा महिन्यांनंतर कायद्याने आवश्यकही.

पाण्याची चौकशी दोन्हीकडे करा. कुमाऊंतले नौले आणि धारे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वापरातले झरे, अनेक ठिकाणी आटत चालले आहेत आणि उन्हाळ्यात टँकर येतो. कुन्नूर-कोटागिरीतही मार्च-एप्रिलमध्ये नळाला रोज पाणी येईलच असे नाही. प्राण्यांचीही सवय करावी लागेल. कोटागिरीत संध्याकाळी रस्त्यावर गवा उभा असतो, अस्वले स्वयंपाकघराच्या वासाने घराजवळ येतात; कुमाऊंत गुलदार, म्हणजे बिबट्या, आणि गवत-चारा आणायला गेलेल्या महिलांवर झालेले त्याचे हल्ले ही तिथल्या गावांची खरी भीती आहे. अंधार पडल्यावर एकट्याने फिरायला जाण्याची शहरी सवय दोन्ही ठिकाणी सोडावी लागेल. इंटरनेटची काळजी करू नका, ते दोन्हीकडे कामापुरते मिळते.

आता सदनिकेच्या प्रश्नाकडे येतो आणि त्याआधी जमिनीच्या कायद्याकडे, कारण इथे अनेकांची फसगत होते. उत्तराखंडात नगरपालिका क्षेत्राबाहेर राज्याबाहेरच्या कुटुंबाला घरासाठी २५० चौरस मीटरपर्यंतच जमीन घेता येते आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर हरिद्वार व ऊधमसिंहनगर वगळता उर्वरित अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची व फळबागेची जमीन विकत घेण्यास मनाई आहे. मुक्तेश्वर नैनीताल जिल्ह्यात आहे, म्हणजे हा नियम तुम्हाला लागू होतो. यजमानांच्या मनात सफरचंदाची छोटी बाग असेल तर ती कायद्याने शक्य नाही. आणि "स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, आपण वापरू" असे कुणी सुचवले तर त्या व्यवहारात एक रुपयाही घालू नका. तामिळनाडूत खरेदीवर अशी सरसकट मर्यादा नाही, पण नीलगिरीत बांधकामाचे नियम कडक आहेत: उंचीवर बंधन आहे, तीव्र उतारावर आणि खासगी वन म्हणून नोंदलेल्या जमिनीवर परवानगी मिळत नाही, चहाच्या मळ्याचा तुकडा घेऊन त्यावर घर बांधता येईल असे गृहीत धरता येत नाही. दोन्हीकडे स्थानिक वकिलाकडून, विकणाऱ्याने दिलेल्या वकिलाकडून नव्हे, कागदपत्रे तपासल्याशिवाय विसार देऊ नये.

म्हणून सदनिका आत्ता विकू नका, ती भाड्याने द्या. त्या भाड्यातून डोंगरातल्या भाड्याच्या घराचा बराच खर्च भागेल आणि परतीचा रस्ताही मोकळा राहील. पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोटागिरीत घर घ्या आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत राहा, म्हणजे तुमच्या आवडत्या गावाचा सर्वांत ओला काळ यजमानांबरोबर तुम्हीही अनुभवाल. त्यानंतर जानेवारीचा संपूर्ण महिना मुक्तेश्वरात किंवा थोडे खाली, अल्मोड्याच्या बाजूला काढा आणि पुन्हा मेच्या उत्तरार्धात दोन आठवडे तिथेच जा. पाहुणा म्हणून हॉटेलात राहू नका. स्वतः स्वयंपाक करा, स्वतः गॅस सिलिंडर मिळवा, स्वतः डॉक्टर शोधा. त्या काळात तुम्ही फवारा किती वेळा वापरलात आणि यजमानांचा रक्तदाब सकाळ-संध्याकाळ किती होता, याची नोंद एका वहीत ठेवा. मागाहून बोलताना आठवणी आपापल्या बाजूने झुकतात, वहीतले आकडे झुकत नाहीत.

माझा स्वतःचा कल विचाराल तर तो लपवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी बुरशीची ॲलर्जी नाही असे सांगितले, तर तुम्हा दोघांसाठी कोटागिरी किंवा कुन्नूर मला अधिक योग्य वाटते. रुग्णालय, सौम्य थंडी आणि हिवाळ्यातही मिळणारे ऊन ही त्याची कारणे आहेत. बुरशीने त्रास होत असेल, तर मुक्तेश्वरपेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर खाली असलेले, कोरडे आणि बाजारपेठ, वैद्यकीय महाविद्यालय हाताशी असलेले अल्मोडा पाहा, म्हणजे यजमानांची हिमशिखरेही राहतील आणि जानेवारीही सुसह्य होईल. कोटागिरी ठरली तरी यजमानांचा नोव्हेंबर त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका. कोटागिरी भिजत असेल त्या तीन-चार आठवड्यांत दरवर्षी दोघांनी कुमाऊंला जावे, तिथे तेव्हा पर्यटकांची मोठी गर्दी ओसरलेली असते आणि महिनाभरासाठी भाड्याने घर मिळणे सोपे जाते. घर ठरवताना मात्र मालकाला एक गोष्ट आधी विचारून घ्या: मोटाररस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत. डोंगरात "रस्त्याला लागूनच" म्हणून सांगितलेले घर पुष्कळदा शंभर पायऱ्या खाली असते आणि सामान, सिलिंडर, आजारी माणूस, सारे त्याच पायऱ्यांवरून न्यावे लागते.